110 सेमीचा 5-इन-1 रिफ्लेक्टर: सोनेरी सोडा, काळी बाजू वापरून बघा

पोर्ट्रेटसाठी फ्लॅश घ्यावा का सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी कापडी पेटी) या विचारात असाल तर जरा थांबा, आधी हा रिफ्लेक्टर, म्हणजे उजेड परतवणारी घडीची गोल चकती, घ्या. ऑनलाइन हजाराच्या आसपास मिळतो, ब्रँडच्या भानगडीत फार पडू नका. आत पांढऱ्या पातळ कापडाची रिंग, म्हणजे उजेड मऊ करणारा डिफ्युझर, आणि त्यावर चेनवाली खोळ, ती उलटीसुलटी केली की चंदेरी, सोनेरी, पांढरी, काळी.

सोनेरीत गव्हाळ रंगाचा माणूस हळदीला बसल्यासारखा दिसतो, मी तर ती काढतच नाही. चंदेरी उन्हात तोंडावर मारली की समोरचा डोळेच मिटतो, त्यात लोक ती कमरेखाली धरतात, मग नाकाची सावली वर जाते, हॉरर सिनेमात मुद्दाम करतात तसलं लायटिंग.

पैसे वसूल होतात ते काळ्या बाजूत. आपल्या फ्लॅटच्या भिंती पांढऱ्या नाहीतर क्रीम, त्यामुळे खिडकीतला उजेड चहूकडून परत येतो आणि चेहरा सपाट दिसतो, कितीही महागडी लेन्स लावा. आजोबांना खिडकीशेजारी, खिडकी एका बाजूला येईल अशी खुर्ची टाकून बसवा, आणि खिडकीपासून लांबच्या गालाजवळ, फ्रेमच्या जेमतेम बाहेर काळी बाजू धरा, भिंतीवरनं येणारा उजेड अडतो आणि गालाचं हाड, जबडा, एकेक सुरकुती उठून येते. मान किंचित खिडकीकडे वळवली की सावलीतल्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण पडतो, हाच तो रेम्ब्रांट लाइट, 17व्या शतकातल्या डच चित्रकाराच्या नावाचा. त्रिकोण डोळ्यापेक्षा रुंद झाला तर मान थोडी खिडकीपासून लांब फिरवा. सावली फारच काळी वाटली तर पांढरी बाजू लावा, आणि पुढेमागे सरकवून बघा, वीतभर अंतरानेही फरक कळतो. पांढऱ्यासाठी थर्माकोलची शीटही चालते म्हणा. दुपारच्या उन्हात मात्र डिफ्युझरच, डोक्यावर धरायचा, डोळ्याखालचे खड्डे बरेच जातात.

आता वैताग. घडी घालताना इंग्रजी आठच्या आकारात पीळ द्यावा लागतो, नाहीतर कुस्ती. गच्चीवर वारा असेल तर धरायला माणूस लागतोच, स्टँड आडवा होतो. आणि माझ्या पीसची चेन फार लवकर गेली, म्हणून एक स्टार कापला. 60 सेमीवाला स्वस्त दिसला तरी घेऊ नका, चेहऱ्याच्या पुढे जात नाही.