फ्रॅटर्निटीचं घर: स्वतःचं की विद्यापीठाच्या आवारातलं?

अमेरिकेत शिकणाऱ्या भाच्याच्या चॅप्टरमध्ये सध्या हाच वाद पेटलाय. (फ्रॅटर्निटी म्हणजे एकत्र राहणाऱ्या विद्यार्थ्यांची संघटना, चॅप्टर म्हणजे तिची एका विद्यापीठातली शाखा.)

खर्च: स्वतःच्या घराचं छप्पर गळलं की माजी सदस्यांच्या हाउस कॉर्पोरेशनने, म्हणजे घर सांभाळणाऱ्या संस्थेने, पैसे उभे करायचे. आवारातल्या घराची डागडुजी बहुधा विद्यापीठ बघतं, पण नियमही त्यांचेच.

सुरक्षिततेत आवारातलं नवं घर सरस. १९९६ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपल हिलला फ्रॅटर्निटीच्या घराला आग लागून ५ विद्यार्थी गेले. मग तिथे स्प्रिंकलर (आग लागताच छतातून पाणी फवारणारे नळ) सक्तीचे झाले. जुन्या घरात ते बसवायचे म्हणजे छतं उकरणं आलं, नव्यात ते नकाशातच असतात.

रचनेत मात्र स्वतःच्या जुन्या घरांची मजा वेगळी. मिडवेस्टमध्ये (अमेरिकेच्या उत्तर-मध्य भागात) अजून ‘कोल्ड डॉर्म’ सापडतात: सगळ्यांचे बंकबेड एकाच अंधाऱ्या खोलीत, आणि कडाक्याच्या थंडीतही खिडक्या उघड्या! अभ्यासाच्या खोल्या वेगळ्या.

माजी सदस्य सढळ हाताचे असतील तर घर राखा. चॅप्टर लहान आणि गंगाजळी आटलेली असेल, तर आवारात जा.