डाय ट्रेसिंग किट: पुड्या झकास, पॅकिंग बेक्कार

चुनखडीतल्या विवरात गडप होणारं पाणी नेमकं कुठल्या झऱ्याला निघतं ते शोधायला हे किट घेतलं. आत युरेनिनची पावडर (पाण्यात हिरवा होणारा रंग, हाच विवरात ओतायचा डाय), झऱ्यात ठेवायच्या, तो रंग शोषून धरणाऱ्या कोळशाच्या पुड्या आणि पाण्यातला रंग मोजणारा, हातात मावणारा फ्लोरोमीटर. चुनखडीत जमिनीचा उतार बघून अंदाज बांधण्यात काही राम नाही, पाणी आतल्या भेगा-बोगद्यांतून दिवसाला शेकडो मीटर, कधी किलोमीटरभरसुद्धा पळतं आणि भलतीकडेच निघतं.

पण आधी पॅकिंगचं सांगतो, डोकं तिथेच फिरलं. पावडर आणि पुड्या एकाच खोक्यात! डबीचं झाकण जरा सैल. कोरडी पावडर तांबूस दिसते त्यामुळे कडेला लागलेली धूळ कळलीच नाही, ओला हात फडक्याला पुसला आणि फडकं हिरवंगार. तरी ट्यूब पेटली नाही. डाय टाकायच्या आधी झऱ्यात आठवडाभर ठेवलेल्या पुड्या पण पॉझिटिव्ह आल्या तेव्हा म्हटलं वर कुठेतरी गाडीचं कूलंट सांडत असेल, त्यातही बऱ्याचदा हाच रंग असतो. शेवटी एक कोरी पुडी थेट खोक्यातून काढून तपासली. तीही हिरवी! आठवडा वाया.

मग पुड्या नव्याने मागवल्या आणि नियम केला, जो डाय ओततो त्याने पुडीला हात लावायचा नाही. यावेळी मात्र कमाल, विवराजवळचा झरा कोरा आणि आम्ही यादीत उगाच घातलेला लांबचा झरा पॉझिटिव्ह. म्हणजे विवराजवळ कचरा टाकायला बंदी हवी ती त्या लांबच्या झऱ्यासाठी, आणि आम्ही संरक्षित पट्टा आखत होतो भलत्याच झऱ्याभोवती.

फ्लोरोमीटर ठीकठाक. पावसानंतर पाणी गढूळ झालं की आकडे उड्या मारतात. पुडीला बॅटरी लागत नाही, पण रंग आला का एवढंच ती सांगते, कधी आला ते नाही, त्यासाठी मीटरच हवा. (1877 साली जर्मनीत डॅन्यूब नदीचं पाणी जिथे जमिनीत गडप होतं तिथे 10 किलो रंग टाकला होता, साधारण 60 तासांनी 12 किलोमीटरवरच्या आख झऱ्यात पाणी हिरवं निघालं. तेव्हा कुठला मीटर!) आणि युरेनिन उन्हात उडतं, बाटल्या काळ्या कागदात गुंडाळा, हे मॅन्युअलमध्ये शेवटच्या पानावर बारीक अक्षरात आहे.

5 पैकी 3. पुड्या वेगळ्या खोक्यात पाठवल्या तर 4 देईन.