डोंगरीत ठेवायचं की घरी?

सोळा वर्षांच्या पोरानं लोकलमध्ये मोबाइल मारला. चौकशी संपेपर्यंत त्याला ठेवायचं कुठे?

एक वाट मुंबईतल्या डोंगरीच्या निरीक्षणगृहाची, म्हणजे चौकशी चालू असलेल्या मुलांना ठेवतात त्या जागेची. दोन वेळचं जेवण आणि छप्पर मिळतं. घरी मारहाण असेल किंवा टोळी दारात उभी असेल, तर ते कमी नाही. पण शाळेची हजेरी तुटते आणि सोबतीला अट्टल पोरंही भेटतात.

दुसरी वाट घरची. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मुलाला जामीन हाच नियम, नाकारणं अपवाद, तेही लेखी कारण देऊन. मुलावर देखरेख ठेवणारा परिवीक्षा अधिकारी घरी येतो, समाजसेवक शाळेत घालतात किंवा गॅरेजात कामाला लावतात. धारावीच्या दहा बाय दहाच्या खोलीत हा अधिकारी पलंगाच्या कडेला बसून विचारतो, ‘रात्री कुठे असतोस?’ पोरगा आईकडे बघतो. हे बघणं निरीक्षणगृहाच्या भिंतीआड दिसत नाही.

माझा कौल घराकडे. मात्र घरभेट नुसती रजिस्टरपुरती झाली, तर पोरगा मोकाटच.