मणक्याची नळी अरुंद झाली, त्यानंतर आठ महिने कायरोप्रॅक्टिक

परभणीत कापडाच्या दुकानात 32 वर्षं उभं राहून काढली, त्यामुळं कंबरदुखी काही नवी नव्हती. दोन वर्षांपूर्वी मात्र वेगळंच सुरू झालं. 400 पावलं चाललो की दोन्ही पोटऱ्या भरून यायच्या, पाय लाकडाचे झाल्यासारखे वाटायचे. कुणाच्या तरी ओट्यावर टेकलो की पाच मिनिटांत सगळं गायब. आणि सायकल कितीही मारली तरी काही नाही! बायको म्हणायची, "चालायचं म्हटलं की पाय दुखायलेत, अन् सायकलवर कसे भिंगरीसारखे पळायलाव?"

तिची शंका रास्तच होती. एमआरआयमध्ये निघालं, चौथ्या-पाचव्या मणक्याशी नळी अरुंद झालीय. लंबर कॅनाल स्टेनोसिस. सर्जननी सांगितलं, वयानं गादी चपटी होते, मागचे सांधे आणि आतला बंध जाड होतो, नसांना जागा उरत नाही. ताठ उभं राहिलं की ती आणखी कमी होते, पुढं वाकलं की थोडी वाढते. सायकलवर आपण वाकलेलेच असतो. रक्तपुरवठ्याचा दोष नाही ना, म्हणून त्यांनी पायाच्या नाड्याही पाहिल्या. ऑपरेशनची घाई नाही म्हणाले.

मी मात्र तोवर शेजाऱ्याचं ऐकून रोज भुजंगासन करत होतो. त्याची गादी सरकली होती, त्याला फरक पडला. मला उलट आग लागल्यासारखं व्हायचं, कारण मागं वाकणंच मला वर्ज्य होतं. कंबर दुखली की आपल्याकडं सगळ्यांना एकच सल्ला, "पुढं वाकू नको". माझ्या दुखण्याला तो नेमका उलटा पडला.

मग कायरोप्रॅक्टिककडं वळलो, म्हणजे मणके आणि सांधे हातानं दाबून, हलवून करायचा उपचार. पहिलं सेंटर चुकलं. एमआरआय उघडूनही न पाहता "नळी मोकळी करून देतो" म्हणाले, 30 बैठकींचे पैसे आगाऊ घेतले आणि मान-कंबर खटाखट वाजवली. त्या आवाजाची भूल पडते, खरं सांगतो. वाटतं, बसलं हाड जागेवर. प्रत्यक्षात तो सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा होण्याचा आवाज, बोटं मोडताना येतो तोच. तिसऱ्या बैठकीनंतर डाव्या पायात आठवडाभर मुंग्या आल्या. पैसे सोडून दिले.

दुसरे कायरोप्रॅक्टर छत्रपती संभाजीनगरला मिळाले. त्यांनी अर्धा तास नुसती तपासणी केली. पायाचा अंगठा वर उचलायला लावला, गुडघ्यावर हातोडी मारली, लघवीचं विचारलं. नळी रुंद होणार नाही, हे पहिल्याच दिवशी सांगितलं. झटका नाही, खटका नाही. मध्ये दुमडणाऱ्या टेबलावर पालथं झोपवायचं आणि कमरेखालची बाजू हळूहळू खाली सोडायची, पंधरा मिनिटं. बैठकीचे 800 रुपये, आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे, पुढं महिन्यातून एकदा. पहाटेची रेल्वे धरायची आणि रात्री घरी. त्या प्रवासानं कंबर अशी आखडायची, की निम्मी मेहनत त्यातच वाया जात असावी, असा माझा संशय आहे.

घरचा अभ्यास वेगळा होता: गुडघे छातीशी घेणं, पोट आत ओढून कंबर जमिनीला टेकवणं, सायकल, आणि पाय भरून येण्याच्या आधीच बसणं. हे शेवटचं सगळ्यात अवघड गेलं. दुखेपर्यंत चालायचं, ही आपली खोड.

कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर सकाळी पावलं मोजतो. तिसऱ्या महिन्यात 1100 झाली, आता एकदा बसून 2000 जातात. रात्रीचे पेटके जवळजवळ गेले. दुकानात पाव तासाच्या वर उभं राहता येत नाही. गल्ल्यामागं एक पाय बुटक्या स्टुलावर ठेवतो, त्यानं निभतं.

फरक टेबलानं पडला की व्यायामानं, याचं खरं उत्तर दिवाळीत मिळालं. गर्दीत तीन आठवडे व्यायाम सुटला. त्या महिन्याची बैठक घेतली होती, तरी पाय पुन्हा 600 पावलांवर अडले. पुढं दोन महिने बैठकीला गेलोच नाही, व्यायाम मात्र नेमानं केला, तर चालणं कमी झालं नाही. टेबलानं सुरुवातीला आराम दिला, व्यायाम करण्याइतकी कंबर सैल केली, हे मी नाकारत नाही. पण 800 आणि भाडं आता वाचवतो.

ही विद्या 1895 मध्ये अमेरिकेत डेव्हनपोर्टला डी. डी. पामर यांनी सुरू केली. आपल्याकडं कायरोप्रॅक्टरांची डॉक्टरांसारखी नोंदणीची परिषद नाही, त्यामुळं पाटी वाचून काही कळत नाही. रिपोर्ट पाहतो का, हीच परीक्षा. हाडं ठिसूळ असतील तर झटके घेऊच नका. लघवी अडली, बसताना टेकते ती जागा बधिर झाली किंवा पाऊल लोंबू लागलं तर टेबल-बिबल काही नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. माझ्या एका मित्राचं पाऊल घासायला लागलं होतं, त्याला ऑपरेशनच करावं लागलं.

माझ्या डाव्या पायाचा अंगठा अजून थोडा बधिर आहे, आठ महिन्यांत त्यात काही फरक नाही. पुढच्या महिन्यात सर्जनकडं जायचंय, तेव्हा तेवढं दाखवीन.