सिमकार्डवर चालणारे बटण घेताना: टूजी, कॅट-वन की एनबी-आयओटी?

कुणाचे आई-वडील मळ्यातल्या घरात एकटे असतात, कुणाला बेळगावच्या उद्यमबागेतील फाउंड्रीत यंत्र अडकल्यावर मेंटेनन्सच्या माणसाला तातडीने बोलवायचे असते, तर कुणाला निपाणीकडील तंबाखूच्या गोदामात रात्रीच्या राखणदाराच्या हाताशी मदतीची सोय ठेवायची असते. या तिन्ही कामांना एकच वस्तू उपयोगी पडते. ती म्हणजे मुठीत मावणारी एक डबी, जिच्यात बॅटरी, सिमकार्ड आणि मोडेम (मोबाइल नेटवर्कशी जोडणारा भाग) असतो आणि जिचे बटण दाबले की ठरलेल्या लोकांच्या मोबाइलवर निरोप जातो. तिला वायफाय लागत नाही आणि लाइट गेली तरी ती चालू राहते.

विकणारा सहसा बॅटरी किती वर्षे टिकेल ते आधी सांगतो. माझ्या मते घेणाऱ्याने त्याआधी दुसराच प्रश्न विचारावा: बटण दाबूनही निरोप गेला नाही, तर दोष बॅटरीत आहे, नेटवर्कमध्ये आहे, सिममध्ये आहे की सर्व्हरवर (निरोप पुढे पोहोचवणाऱ्या विक्रेत्याच्या संगणकावर), हे मला स्वतःला कळेल का? बेळगाव शहरात दुरुस्तीला माणूस लवकर मिळतो. ऐन पावसाळ्यात कणकुंबी किंवा जांबोटीकडे त्याला बोलावणे सोपे नसते. म्हणून टूजी, कॅट-वन आणि एनबी-आयओटी या तीन प्रकारच्या बटणांची पुढील तुलना किमतीवर किंवा जाहिरातीतल्या बॅटरीच्या वर्षांवर केलेली नसून, बिघाड किती लवकर आणि किती स्वस्तात शोधता येतो या कसोटीवर केलेली आहे.

टूजी बटण स्वस्त असते आणि त्याचा मोठा गुण म्हणजे ते साधा मिस्ड कॉल देऊ शकते. मध्ये सर्व्हर नसल्यामुळे बिघाडाची एक जागा आपोआप कमी होते, आणि मोबाइल स्टार्टरवर पंप चालवणाऱ्या शेतकऱ्याला ही पद्धत आधीच परिचयाची आहे. दोष आहे तो विजेच्या भुकेचा. टूजी मोडेम निरोप पाठवताना सलग वीज न घेता झटक्याझटक्याने घेतो. प्रत्येक झटका एका मिलिसेकंदाहूनही कमी वेळाचा असतो, पण त्यात प्रवाह २ अँपिअरपर्यंत जातो. बॅटरी जुनी असेल, स्प्रिंगवर गंज चढला असेल किंवा आतली तार बारीक असेल, तर त्या क्षणी व्होल्टेज ३.४ च्या खाली घसरते आणि मोडेम बंद होऊन पुन्हा सुरू होतो. बाहेरून दिसते ते असे: बटण दाबताच दिवा लुकलुकतो, विझतो, पुन्हा पहिल्यापासून लुकलुकू लागतो, आणि निरोप काही जात नाही. मल्टिमीटर लावला तर तो शांतपणे ३.९ दाखवतो, कारण इतका छोटा झटका त्याला पकडताच येत नाही. त्यामुळे बॅटरी ठीक आहे असे समजून लोक सिम बदलत बसतात. अशा वेळी पूर्ण चार्ज केलेला आणि खात्रीचा दुसरा सेल घालून पाहणे हीच पहिली चाचणी. त्याने काम झाले तर दोष सेलचा. नाही झाले तर स्प्रिंग आणि तारा तपासाव्यात, आणि मोडेमच्या अगदी जवळ मोठा कपॅसिटर (वीज साठवून क्षणात देणारा भाग) बसवलेला आहे का ते पाहावे. याशिवाय जिओकडे टूजी नाहीच, त्यामुळे गावात फक्त जिओची रेंज असेल तर हा पर्याय तिथेच संपतो. ज्या तंत्रावरून कंपन्या स्पेक्ट्रम काढून फोरजीकडे वळवत आल्या आहेत, त्याच्यावर पुढील आठ-दहा वर्षांसाठी आई-वडिलांची सुरक्षितता सोपवणे मला योग्य वाटत नाही.

कॅट-वन हा फोरजीचाच कमी वेगाचा वर्ग आहे. त्याला वेगळा टॉवर लागत नाही. जिथे फोरजी आहे तिथे तो चालतो. आपल्या कसोटीवर त्याचा सर्वांत मोठा फायदा असा की तपासणीचे साधन आपल्या खिशातच असते. ज्या कंपनीचे सिम बटणात आहे त्याच कंपनीचे सिम घातलेला मोबाइल बटणाच्या नेमक्या जागी, भिंतीला लावून धरावा. तिथे फोरजीवर निरोप जात असेल तर बटणालाही तेथून जाता आले पाहिजे. एक गोष्ट मात्र सांभाळायला हवी, ती म्हणजे बँड, म्हणजे नेटवर्कच्या लहरींचा ठरलेला पट्टा. जिओचे फोरजी ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झवर, म्हणजे बँड ५, ३ आणि ४० वर चालते, तर बीएसएनएलच्या नव्या फोरजीमध्ये ७०० मेगाहर्ट्झचा बँड २८ सुद्धा आहे. मोबाइलला हे सगळे बँड ऐकू येतात, स्वस्त मोडेमला येतीलच असे नाही. डोंगराळ भागात दूरवर पोहोचतात ते कमी मेगाहर्ट्झचेच बँड, त्यामुळे खानापूरच्या पश्चिमेकडील गावांसाठी मोडेमला बँड ५ आणि २८ येतात का, हे तांत्रिक माहितीपत्रकात वाचूनच पैसे द्यावेत. कॅट-वनला सहसा चार्ज होणारा लिथियम-आयन सेल लागतो आणि काही महिन्यांनी तो चार्ज करावा लागतो. ही गैरसोय आहे खरी. पण चार्ज होणाऱ्या सेलचे व्होल्टेज हळूहळू उतरते, त्यामुळे संपण्याआधी तो इशारा देतो, हा गुण मी त्या गैरसोयीपेक्षा मोठा मानतो.

एनबी-आयओटी हे खास अशा उपकरणांसाठी केलेले तंत्र असून त्याचे मानक २०१६ मध्ये ठरले. त्याची वाहिनी केवळ १८० किलोहर्ट्झ रुंद असते आणि सिग्नल क्षीण असला तर मोडेम तोच निरोप पुन्हा पुन्हा, १२८ वेळांपर्यंत पाठवतो. त्यामुळे टूजीच्या मानाने सुमारे २० डेसिबल अधिक पोहोच मिळते, जी जांभ्या दगडाच्या जाड भिंतीआड किंवा पत्र्याच्या गोदामात उपयोगी पडते. झोपेच्या अवस्थेत तो काही मायक्रोअँपिअरच वीज घेतो. वर्षानुवर्षे टिकणाऱ्या बॅटरीचे दावे येतात ते येथूनच. पण शोधाशोधीच्या बाबतीत हाच प्रकार सर्वांत अवघड आहे. मोबाइलवर एनबी-आयओटीची रेंज दिसत नाही, मोबाइलचे साधे सिम त्यात चालत नाही, आणि झोपलेल्या बटणाला सर्व्हरकडून हाकही मारता येत नाही. त्यामुळे शांत असलेले बटण झोपले आहे की बंद पडले आहे, हे दुरून सांगता येत नाही. शिवाय नव्या जागी पहिल्यांदा नेटवर्क शोधायला त्याला काही मिनिटे लागू शकतात. लोक कंटाळून बॅटरी काढतात, पुन्हा घालतात, आणि शोध पहिल्यापासून सुरू होतो. सिग्नल कायमच क्षीण असेल, तर त्या पुन:पुन्हा पाठवण्यातच बॅटरी खर्ची पडते, म्हणजे दाव्यातील वर्षे चांगल्या रेंजच्या जागेपुरतीच खरी असतात.

परदेशी संकेतस्थळांवर मिळणारी काही बटणे केवळ एलटीई-एम या, फोरजीवरच पण खास यंत्रांसाठी असलेल्या, चौथ्या प्रकारावर चालतात. इथला ऑपरेटर ती सेवा तुमच्या गावात देतो, असे लेखी मिळाल्याशिवाय ती मागवू नयेत.

आता सीमेचा प्रश्न, जो इथल्या ग्राहकाला धारवाड किंवा पुण्याच्या ग्राहकापेक्षा वेगळा पडतो. बेळगाव जिल्हा दूरसंचाराच्या कर्नाटक सर्कलमध्ये (सेवा-विभागात) येतो. चंदगड, कागल आणि गोवा महाराष्ट्र सर्कलमध्ये. बाची-शिनोळीजवळ, कोगनोळीच्या पट्ट्यात किंवा चोर्ला घाटाच्या तोंडाशी बटणाला दोन्ही सर्कलचे टॉवर ऐकू येऊ शकतात. कंपनी एकच असली तरी मोडेमच्या दृष्टीने ही दोन नेटवर्के आहेत. उदाहरणार्थ, एअरटेलचा कर्नाटकातील संकेतांक ४०४-४५ आहे आणि महाराष्ट्रातील ४०४-९०. मोडेमला नोंदणीची स्थिती विचारली की तो एक आकडा देतो: १ म्हणजे घरचे नेटवर्क, ५ म्हणजे रोमिंग, २ म्हणजे शोध चालू, ३ म्हणजे नकार. सीमेवरच्या बटणाची नोंदवही उघडली तर १, मग ५, मग २, मग पुन्हा ५ अशी रांग दिसू शकते. ज्या बटणाचे फर्मवेअर (आतला प्रोग्राम) फक्त १ ची वाट पाहते, ते ५ मिळाला असतानाही निरोप पाठवत नाही, शोध घेत राहते आणि बॅटरी रिकामी करून टाकते. त्याच जागी मोबाइल मात्र उत्तम चालतो, त्यामुळे दोष लक्षातच येत नाही. हा दोष बॅटरी बदलून किंवा अँटेना वाढवून जात नाही. फर्मवेअरने १ आणि ५ दोन्ही मान्य केले पाहिजेत आणि सिमवर रोमिंग चालू असले पाहिजे. बटणाला एकाच नेटवर्कशी बांधून टाकावे असा सल्ला काही जण देतात. त्याने उड्या थांबतात, पण वादळात तो एक टॉवर बंद पडला तर बटण मुके होते, म्हणून मदतीच्या बटणासाठी मी तो मानणार नाही. आकडा ३ येत असेल तर मात्र सिम सुरू नाही किंवा त्यावर ती सेवा दिलेली नाही असे समजून थेट ऑपरेटरकडे जावे.

सिमबाबत आणखी दोन गोष्टी. यंत्रांसाठीच्या एम-टू-एम सिमला २०१८ पासून १३ अंकी क्रमांक मिळतो आणि त्यावरून ठरवून दिलेल्याच क्रमांकांशी व पत्त्यांशी संपर्क करता येतो. विक्रेत्याने सर्व्हरचा पत्ता बदलला आणि ऑपरेटरकडे तो नोंदवला नाही, तर रेंज भरपूर, बॅटरी भरलेली, आणि तरी सगळ्या गिऱ्हाइकांची बटणे एकदम गप्प, असे होऊ शकते. शेजारच्या गावातले त्याच विक्रेत्याचे बटणही बंद असेल तर आपली डबी उघडण्याची गरज नाही. साधे प्रीपेड सिम घातले असेल तर ९० दिवस वापर न झाल्यास ते बंद होण्याची शक्यता असते. मदतीचे बटण तर महिनोन्महिने दाबलेच जात नाही. म्हणून रोज एकदा आपणहून सर्व्हरला निरोप पाठवून हजेरी लावणारे बटणच घ्यावे, मग बॅटरी थोडी लवकर संपली तरी चालेल. त्या हजेरीत व्होल्टेज, सिग्नल आणि नोंदणीचा आकडा हे तिन्ही यावेत, आणि हजेरी चुकली तर घरच्यांना कळावे.

बॅटरीच्या निवडीत एक बारकावा फार उपयोगाचा आहे. दीर्घायुषी बटणांत ३.६ व्होल्टचा लिथियम थायोनिल क्लोराइड सेल असतो. तो वर्षानुवर्षे टिकतो, पण बराच काळ न वापरल्यास आतल्या लिथियमवर एक पातळ थर धरतो, आणि पहिल्या दाबाला तो पुरेशी वीज देऊ शकत नाही. पहिला दाब वाया जातो आणि लगेच दुसऱ्यांदा दाबल्यावर निरोप जातो, अशी खूण दिसली तर दोष बहुधा याच थराचा असतो. रोजची हजेरी हा थर वाढू देत नाही, आणि सेलच्या जोडीला खास कपॅसिटर असेल तर ही अडचण जवळपास येतच नाही. या सेलचे व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहते, त्यामुळे अ‍ॅपवर दिसणाऱ्या बॅटरीच्या टक्केवारीवर विसंबू नये. तो कधीही चार्ज करू नये. स्फोटाचा धोका असतो. नाण्यासारख्या चपट्या सेलवर मोबाइल नेटवर्कचे बटण चालवल्याचा दावा कुणी केला तर मोडेमला लागणारा प्रवाह त्याच्याकडून विचारून घ्यावा; तेवढा प्रवाह त्या सेलला झेपत नाही.

आता माझी निवड. खानापूर तालुक्यातील घरासाठी, अंगणापुरते का होईना फोरजी येत असेल तर, मी कॅट-वन, चार्ज होणारा सेल आणि रोजची हजेरी असलेले बटण सुचवीन. घरात रेंज नसेल तर पत्र्यापासून आणि लोखंडी दारापासून दूर, ओसरीच्या खांबावर ते लावावे, कारण अँटेनाच्या पाठीमागे धातू आला की सिग्नल पडतो. फाउंड्रीत वीज असतेच, तेव्हा कॅट-वन बटण भिंतीवरच्या चार्जरला जोडून ठेवावे आणि भट्टीच्या उष्णतेपासून दूर बसवावे. गोदामासाठी एनबी-आयओटी घेण्याजोगे आहे, पण ते त्याच भिंतीवर, शटर पूर्ण लावून, निदान काही दिवस हजेरी देताना पाहिल्यावरच. टूजी बटण मी फक्त जोडीला ठेवीन, जिथे सर्व्हर बंद पडला तरी एक मिस्ड कॉल जायला हवा असेल तिथे.

पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून चार गोष्टी लिहून घ्याव्यात: सेल स्वतः बदलता येतो का, दिव्याच्या कोणत्या खुणेचा काय अर्थ होतो, नोंदणीचा आकडा ५ आल्यावर निरोप जातो का, आणि सिम कोणत्या सर्कलचे व कुणाच्या नावावर आहे. सिम विक्रेत्याच्या नावावर असेल, तर ऑपरेटर तुमची तक्रार घेणार नाही.