स्कॅन की प्रश्नावली?
नाशिकरोडच्या एका स्नेह्यांना प्रश्न पडला आहे: वडिलांचे नैराश्य औषधांनी ओसरत आहे का, हे पाहण्यासाठी मेंदूचा एमआरआय करावा, की मानसोपचारतज्ज्ञांकडची प्रश्नावली पुरेशी आहे?

खर्चात तुलनाच नाही. एमआरआयला हजारो रुपये लागतात, तर पीएचक्यू-९ ही नैराश्याची लक्षणे मोजणारी प्रश्नावली विनामूल्य असून मराठीतही मिळते. खरा प्रश्न उपयोगाचा आहे. फंक्शनल एमआरआय हा एमआरआयचा प्रकार रक्तातील ऑक्सिजनच्या बदलांवरून मेंदूची सक्रियता अप्रत्यक्षपणे मोजतो. संशोधनात रुग्णगटांच्या सरासरीत फरक दिसतात, पण एका माणसाच्या स्कॅनवरून तो किती सावरला हे सांगता येत नाही, मग रंगीत चित्रे कितीही पटणारी असोत. प्रश्नावलीत मागील दोन आठवड्यांतील झोप, भूक, उत्साह, आत्मघाताचे विचार इत्यादी नऊ बाबींना मिळून ० ते २७ गुण असतात आणि ५ पेक्षा कमी गुण लक्षणे ओसरल्याचे चिन्ह मानले जाते. तिचा दोष एवढाच, की संकोची माणूस ‘बरं आहे’ म्हणून मोकळा होतो. तेव्हा घरच्यांपैकी कोणीतरी सोबत जावे.

नियमित पाठपुराव्यासाठी प्रश्नावली आणि तज्ज्ञांची मुलाखत योग्य. उतारवयात प्रथमच आलेले नैराश्य, फिट किंवा वाढते विस्मरण असल्यास अन्य आजार तपासण्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने साधा, म्हणजे मेंदूची रचना दाखवणारा, एमआरआय करावा.