गोल्फ स्विंगमध्ये कंबर धरून ठेवायची की मोकळी सोडायची?

ड्रायव्हिंग रेंजवर (गोल्फचा सराव करायच्या मैदानावर) शेजारीशेजारी उभ्या दोघांना विचारून बघा, बॅकस्विंगला, म्हणजे क्लब (गोल्फची काठी) मागे नेताना, कंबर किती फिरवू? एक म्हणणार कंबर घट्ट धर, फक्त खांदे फिरव, ताकद तिथूनच येते. दुसरा म्हणणार अरे मोकळा फिर की, टाच उचलली तर उचलली. गंमत म्हणजे दोघंही बरोबर असतात, फक्त कोणासाठी ते सांगत नाहीत. मी पहिलं दोन वर्षं केलं आणि दुसरं त्यानंतर आजपर्यंत करतोय, म्हणून हे लिहायला घेतलं. सगळं उजव्या हाताच्या खेळाडूच्या हिशोबाने आहे, डावखुऱ्यांनी उलटं वाचा.

आधी जुनी पद्धत, म्हणजे मोकळं फिरणं. बॉबी जोन्स (ज्याने 1930 मध्ये त्या काळच्या चारही मोठ्या स्पर्धा एकाच वर्षात जिंकल्या), सॅम स्नीड, जॅक निकलॉस, या जुन्या दिग्गज खेळाडूंचे व्हिडिओ बघा. बॅकस्विंगमध्ये डावी टाच जमिनीवरून उठते, डावा गुडघा आत बॉलच्या मागे येतो, उजवा पाय थोडा सरळ होतो आणि कंबर पाठीबरोबरच फिरत जाते. खांदे 90 अंश किंवा त्याच्याही पुढे जातात, पण त्यातलं बरंचसं काम नितंबाच्या सांध्यांनी आणि पायांनी केलेलं असतं, पाठीच्या वाट्याला कमी येतं.

नवी पद्धत याच्या बरोब्बर उलटी. खालचं रोखा, वरचं फिरवा. 1992 मध्ये जिम मॅक्लीन नावाच्या अमेरिकन कोचने याला एक्स-फॅक्टर म्हटलं आणि ते नाव चिकटलं. वरून बघितलं तर खांद्यांची एक रेघ आणि कंबरेची एक रेघ मिळून फुली तयार होते, म्हणून एक्स. खांदे 90, कंबर 45, मधला फरक 45. त्याचं म्हणणं असं की लांब मारणाऱ्यांमध्ये हा फरक जास्त दिसतो. तसा जुन्या काळचा चॅम्पियन बेन होगनही त्याच्या आधी कितीतरी वर्षं कंबरेने विरोध करावा असंच सांगत होता, उजवं पाऊल टार्गेट लाइनला (बॉलपासून लक्ष्याकडे जाणाऱ्या रेघेला) काटकोनात ठेवायचं म्हणजे कंबर आपोआप लवकर अडते.

यामागचं लॉजिक समजायला बायोमेकॅनिक्सची गरज नाही. भिजलेली चादर दोघांनी मिळून पिळायची असेल तर एकाने टोक घट्ट धरावं लागतं, दोघंही एकाच दिशेला फिरवायला लागले तर पाण्याचा थेंब निघणार नाही. हा पीळ म्हणजेच स्नायूंचा ताण आणि तो सुटताना वेग देतो. मान्य. पण आमच्याकडे शिकवताना एक गोष्ट कायम राहून जाते, ती म्हणजे हा पीळ वर टॉपला, म्हणजे क्लब पूर्ण मागे गेल्यावर, थांबून मोजायचा नसतो. चांगल्या खेळाडूचे खांदे अजून मागेच जात असतात आणि तेवढ्यात कंबर टार्गेटकडे निघालेली असते, म्हणजे पीळ खरा वाढतो तो डाउनस्विंगच्या, म्हणजे क्लब खाली आणण्याच्या, सुरुवातीला. मग टॉपला 45 चा फरक नसला तरी एवढं काय बिघडलं?

आता पाठीचं गणित, जे मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. कंबरेचे पाच मणके फिरण्यासाठी बनलेलेच नाहीत. त्यांचे सांधे असे बसवलेत की पुढेमागे वाकता येतं पण वळताना ते एकमेकांना अडतात, पाचही मिळून एका बाजूला जेमतेम 10 ते 15 अंश. खरं वळण मिळतं ते वरच्या बारा मणक्यांतून, जिथे बरगड्या लागतात, आणि खाली नितंबाच्या सांध्यांतून. म्हणजे कंबर रोखली की सगळा भार बरगड्यांच्या भागावर पडतो आणि तो भाग लॅपटॉपपुढे वाकून बसून बसून लाकूड झालेला असेल तर वळण येणार कुठून? एकतर हात एकटेच वर उचलले जातात, नाहीतर शरीर डावीकडे कलतं, नाहीतर कंबरेचे मणके बिचारे जमत नसलेलं काम करायला जातात. माझ्या बाबतीत तिन्ही झालं, आलटून पालटून. एका कोचने उजवा गुडघा अजिबात हलवायचा नाही म्हणून सांगितलं होतं, मी प्रामाणिकपणे हलवला नाही आणि रविवारी खेळून आलो की सोमवारी मोजे घालायला बेडवर आडवं पडावं लागायचं.

इथे लगेच टायगर वुड्सचं उदाहरण येतं, 2014 पासून पाठीच्या शस्त्रक्रिया, 2017 मध्ये मणके जोडले, आणि दुसरीकडे निकलॉसने 1986 मध्ये 46 व्या वर्षी मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिंकली, बघा मोकळी पद्धतच भारी. मी असं म्हणणार नाही. टायगरने शरीराला आणखी बऱ्याच गोष्टी करायला लावल्या आणि 2019 मध्ये परत मास्टर्स जिंकून दाखवलं, आणि निकलॉसचा नितंबाचा सांधाही 1999 मध्ये बदलावा लागलाच की. एकाच्या दुखण्यावरून पद्धत ठरवायची नसते, स्वतःच्या शरीरावरून ठरवायची.

त्यासाठी घरातच करून बघा. खुर्चीत ताठ बसा, गुडघे जुळवून, छातीवर आडवी काठी किंवा सरळ झाडूचा दांडा धरा आणि कंबर न हलवता वळा. दोन्हीकडे 45 अंशांपर्यंत आरामात जात असाल तर बरगड्यांचा भाग मोकळा आहे. मग उजव्या पायावर उभं राहून, पाऊल न हलवता कंबर उजवीकडे फिरवून बघा, अडल्यासारखं होतं का. पहिल्यात पास आणि वय कमी असेल, पाठीची तक्रार नसेल, जिम-बिम चालू असेल, तर कंबर थोडी रोखून खेळा, बॉल कुठे जाणार याचा कंट्रोल बरा राहतो कारण हलणाऱ्या गोष्टी कमी होतात. हा फायदा खरा आहे, आयर्नला (धातूच्या पात्याच्या क्लबला) तर जास्तच. पहिल्यात नापास असाल, म्हणजे माझ्यासारखे चाळिशी ओलांडलेले नऊ तास खुर्चीवाले, तर मोकळं फिरा आणि लाज बाळगू नका, बब्बा वॉटसन टाच उचलूनच दोन मास्टर्स जिंकलाय. दोन्हीत नापास असाल तर उजव्या पायाचा अंगठा थोडा बाहेर वळवून उभे राहा, तेवढ्यानेही कंबरेला बरीच जागा मिळते.

मोकळ्या पद्धतीचा तोटा नाही असं नाही हां. फिरण्याऐवजी लोक उजवीकडे सरकतात, वजन उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर जातं आणि मग परत यायला वेळच मिळत नाही, डाउनस्विंग पाव सेकंदाचा असतो. शिवाय टाच दर वेळी वेगळ्या जागी टेकली तर बॉलच्या आधी माती उडते. माझे पहिले दोन महिने त्यातच गेले. ओळखायची खूण सोपी, टॉपला उजव्या पायाचं वजन टाचेवर आतल्या बाजूला जाणवलं पाहिजे.

आणि खाली येताना दोन्ही पद्धतींत काहीच फरक नाही, आधी कंबर, मग छाती, मग हात, शेवटी क्लब. इम्पॅक्टला, म्हणजे क्लब बॉलला लागताना, प्रो लोकांची कंबर टार्गेटकडे 40 अंशांच्या आसपास उघडलेली असते, खांदे त्याहून कमी. क्रिकेट खेळून आलेल्या आपल्या मंडळींचं घोडं इथेच अडतं, उजवा हात आणि उजवा खांदा आधी धावतो, क्लब बाहेरून येतो आणि बॉल उजवीकडे केळं काढत जातो. बॅकस्विंगची पद्धत बदलून हा स्लाइस जाईल या आशेने बदलत असाल तर पैसे वाचवा, जाणार नाही. मोकळ्या पद्धतीत मात्र एक सोय आहे, उचललेली डावी टाच खाली दाबली की कंबर आपोआप आधी निघते, वेगळं काही आठवावं लागत नाही. मी हल्ली सेव्हन आयर्नने आधी वीस बॉल अर्ध्या स्विंगचे, फक्त टाच वर, टाच खाली एवढंच मनात ठेवून मारतो आणि मगच ड्रायव्हर (सगळ्यांत लांब मारायचा क्लब) बॅगेतून बाहेर काढतो. मोजे आता उभ्यानेच घालतो.